खुशालीपुरता उपग्रह

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लेण्याद्रीच्या पायऱ्या नेमक्या किती, यावर आमच्या जुन्नरात अजून एकमत नाही. कुणी पावणेतीनशे सांगतो, कुणी तीनशेच्या वर नेतो. मी त्या कधी मोजत नाही. रक्तात साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी चढ चढायला सांगितला आहे, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी मी तिथे जातो. गणपतीला निघालेले भाविक मला ओलांडून वर जातात आणि दम लागला की मी मध्येच बसतो. समोर कुकडीचे खोरे, पलीकडे शिवनेरी. अशाच एका सकाळी माझा फोन वाजला आणि भाचा म्हणाला, "मामू, बोट घेतली."

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा मुलगा. वीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. आता नोकरी सोडून त्याने मलेशियातल्या लंकावी बेटावर एक जुनी, अडतीस फुटी शिडाची बोट विकत घेतली होती. तो आणि त्याची बायको, दोघेच जण. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून श्रीलंकेतल्या गॉल बंदराला जायचे, तिथून मालदीव आणि जमलेच तर पुढे कोची.

मी म्हटले, "मुबारक हो. पण यात माझं काय काम?"

"काम आहे, मामू. बोटीवर उपग्रहाचं इंटरनेट कोणतं घ्यायचं ते ठरत नाहीये. अम्मीला रोज व्हिडिओ कॉल पाहिजे. मला हवामान पाहिजे. बायको म्हणते, दोन्ही नको, शांतता पाहिजे. तुम्ही तिघांचं ऐका आणि सांगा. शिवाय आमच्या मागे किनाऱ्यावर एक माणूस लागतो. तो तुम्ही."

आता मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. उपग्रहाशी माझा संबंध उपमेपुरता. पण फोन ठेवल्यावर लक्षात आले, की जुन्नर तालुक्यातल्या माणसाला असे म्हणून सुटता येणार नाही.

कारण देशाचा समुद्रापारचा संवाद उपग्रहावरून सुरू झाला तो आमच्याच तालुक्यातून. नारायणगावजवळच्या आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी दळणवळणाचे उपग्रह केंद्र उभे राहिले. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखले जाते. तिथली तबकडी जवळजवळ तीस मीटर व्यासाची. भोवती डोंगर असल्यामुळे बाहेरचा रेडिओचा गोंगाट तिच्यापर्यंत कमी पोचतो, म्हणून ही जागा निवडली. पुढे समुद्रावरच्या जहाजांशी बोलणाऱ्या इन्मारसॅट सेवेचे भारतातले केंद्रही आर्वीलाच झाले. पलीकडे खोडदला तीस प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आली, तीही अशाच शांततेच्या शोधात. थोडक्यात, आमचा तालुका लांबचे ऐकण्यासाठी निवडला गेलेला आहे.

आणि तरी गंमत बघा. माझे मेहुणे, म्हणजे आपाचे पती, ऐंशीच्या दशकात आखाताकडे जाणाऱ्या जहाजावर खलाशी होते. परदेशी फोनांचा मोठा भाग जिथून आकाशात जात होता, ती तबकडी आमच्या घरापासून एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर. आपाकडे मात्र फोन नव्हता. ती पोस्टमनच्या सायकलच्या घंटीकडे कान लावून बसायची. एकदा चाळीस दिवस पत्र आले नाही. त्या चाळीस दिवसांत तिने कुणाला काही विचारले नाही, पण घरात भाकरी करपल्याचा वास रोज यायचा. पत्र आले तेव्हा कळले, की जहाज दुसऱ्याच बंदराला वळवले होते. पत्रात लिहिले होते, खैरियत आहे. ते तर चाळीस दिवसांपूर्वीचे.

हे सगळे माझ्या डोक्यात असताना मी भाच्याच्या प्रश्नाला बसलो. एक दोनशे पानी वही केली. त्या वहीतले तुम्हाला सांगतो, कारण शिडाची बोट तुमच्याकडे नसली तरी समुद्रावर कुणी असणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. रत्नागिरी, रायगड, पालघरकडे तर घरोघरी.

पहिली गोष्ट उपग्रह किती उंचावर आहे. आर्वीची तबकडी ज्यांच्याशी बोलत असे ते उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्या वेगाशी वेग जुळवून फिरतात, म्हणून जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखे दिसतात. फायदा हा, की तबकडी एकदा त्या दिशेला वळवली की काम झाले. पण अंतर इतके, की प्रश्न विचारून उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. घराच्या गच्चीवर हे चालते. शिडाची बोट मात्र वाऱ्याने एका कुशीवर कललेली असते आणि लाटेबरोबर डुलते. तिच्यावर तबकडी उपग्रहाकडे रोखून धरायची म्हणजे ती सतत फिरवणारी मोटर पाहिजे, तिच्यावर घुमट पाहिजे. मोठ्या जहाजांच्या माथ्यावर जे पांढरे चेंडू दिसतात ते हेच. अडतीस फुटी बोटीला त्याचे वजन आणि खर्च दोन्ही झेपत नाहीत. हा पर्याय आम्ही पहिल्याच दिवशी खोडला.

दुसरा पर्याय खालून फिरणाऱ्या उपग्रहांचा. त्यातही दोन जाती आहेत. इरिडियम नावाच्या जाळ्यात ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून फिरतात. ते ध्रुवांवरून जातात आणि एकमेकांशी बोलतात, म्हणून भर समुद्रातही वर कुठला ना कुठला सापडतोच. त्यांच्यासाठी अँटेना रोखून धरावी लागत नाही. मुठीत मावणारे यंत्र पुरते. पण वेग बेताचा. त्यांच्या जुन्या फोनवर सेकंदाला २.४ किलोबिट जात. त्या गतीने एक मेगाबाइटचा फोटो पाठवायला जवळजवळ तास लागेल. नंतरच्या लहान यंत्रांवर उतरवून घेताना ८८ किलोबिटपर्यंत मिळतात, म्हणजे तेवढाच फोटो दीड मिनिटात उतरतो; पाठवायला मात्र जास्त वेळ लागतो. व्हिडिओचे नावच काढायचे नाही.

दुसरी जात स्टारलिंकची. हजारो उपग्रह, पाचशे किलोमीटरच्या आसपास. बोटीवर एक चपटी पाटी ठेवायची. ती हलत नाही. तिच्या आतले शेकडो बारीक अँटेना मिळून विजेच्या जोरावर आपला झोत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर फिरवतात. बोट डुलली तरी संवाद तुटत नाही आणि वेग शहरातल्या इंटरनेटसारखा. व्हिडिओ कॉल होतो. आपाची मागणी मान्य झाली, असे मला वाटले.

मी भाच्याला म्हटले, "मग प्रश्नच मिटला. पाटी घे."

तो हसला. "मामू, वीज कुठून आणू?"

हे माझ्या गावीही नव्हते. बोटीवर वायरमन नसतो. सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या, एवढीच वीज. समजा ती पाटी ५० वॅट खाते. दिवसभर चालू ठेवली तर १२०० वॅट-तास. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हे म्हणजे १०० अँपिअर-तास. त्याच्या बोटीवर ४०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या होत्या, पण त्या साध्या शिशाच्या. निम्म्याच्या खाली उतरवल्या तर लवकर मरतात. म्हणजे वापरायला २००. त्यातले निम्मे आपाशी बोलण्यात गेले तर सुकाणू धरणाऱ्या ऑटोपायलटला काय, दिव्यांना काय आणि जवळच्या जहाजांचा माग दाखवणाऱ्या यंत्राला काय? ऊन असले तर भरून निघते. ढग आले तर हिशेब तुटीचा. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला तूट लगेच दिसते. मी वहीत पहिला नियम लिहिला: आधी विजेचा हिशेब, मग वेगाचा.

दुसरा नियम पैशाचा. अशा सेवेत यंत्राची किंमत एकदा द्यायची आणि भाडे दरमहा. किनाऱ्यालगत वापरायची योजना स्वस्त असते, खुल्या समुद्रातली महाग, आणि योजनेच्या अटी कंपनी मधूनच बदलू शकते. म्हणून विकत घेताना 'सगळीकडे चालेल' या शब्दावर न जाता समुद्रात किनाऱ्यापासून किती दूर, किती दिवस आणि बंद करून पुन्हा सुरू करता येते का, हे लेखी विचारावे.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. एकाच धाग्यावर जीव टांगू नये. २४ जुलै २०२५ला स्टारलिंकची सेवा आतल्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने जगभर सुमारे अडीच तास बंद पडली होती. किनाऱ्यावर अडीच तास म्हणजे एक सिनेमा. वादळात ते फार असतात.

इथे आपल्या एका नौसैनिकाची गोष्ट सांगायला हवी. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे. २००९-१०मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या बोटीतून त्यांनी ती केली. त्यांच्यामागून २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी कुठल्याही बंदरात न थांबता जग फिरून आले. हेच अभिलाष टॉमी २०१८मध्ये गोल्डन ग्लोब नावाच्या शर्यतीत उतरले. त्या शर्यतीची अट अशी, की १९६८ साली होती तेवढ्याच साधनांवर बोट चालवायची. आधुनिक यंत्रे संकटापुरती. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची 'थुरिया' बोट उलटवली. डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला. उठता येईना. त्यांच्याकडे उपग्रहाचा फोन होता, पण तो जिथे ठेवला होता तिथवर हात पोचत नव्हता. हाताशी होते ते मजकूर पाठवणारे लहानसे यंत्र. त्यावरून त्यांनी मोजक्या शब्दांत कळवले, की बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर मार आहे. आपल्या नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

हे वाचल्यावर मी वहीतली सगळी यादी उलटी केली. आम्ही व्हिडिओपासून सुरुवात केली होती. खरे तर शेवटच्या गरजेपासून सुरुवात करायला हवी होती. माणूस आडवा पडला असताना, हात पोचेल तेवढ्या अंतरावर, कोणते यंत्र काम करील?

मग क्रम असा लागला. पहिला, ४०६ मेगाहर्ट्झचा धोकासूचक. त्याला ईपर्ब म्हणतात. त्याचा इंटरनेटशी संबंध नाही, मासिक भाडे नाही. बटण दाबले, किंवा काही प्रकारांत पाण्यात बुडाला, की कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह त्याची हाक टिपतात आणि जवळच्या बचावकेंद्राला कळवतात. आपल्याकडे ते काम तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरच्या केंद्रांकडे आहे. मात्र तो धोकासूचक बोटीच्या आणि घरच्यांच्या नावानिशी नोंदवलेला पाहिजे, नाहीतर हाक ऐकू येते पण कुणाची ते कळायला वेळ जातो. दुसरे, इरिडियमवर चालणारे मुठीएवढे संदेशयंत्र. दिवसाला चार संदेश आणि नकाशावर आपला ठिपका, एवढेच त्याचे काम. तिसरी, ती चपटी पाटी. पण रोज एक तास. त्या तासात वाऱ्याचा अंदाज उतरवून घ्यायचा, मग घरी बोलायचे. वाऱ्याच्या आकड्यांची फाइल फोटोच्या मानाने फारच लहान असते. पाटी बंद पडली तर ती लहान उपग्रह-यंत्रावरूनही येऊ शकते.

आता कायद्याचे. हे मी मुद्दाम सावकाश सांगतो. मुंबईवर २००८मध्ये हल्ला करणारे समुद्रातून आले आणि त्यांच्याजवळ उपग्रहाचा फोन होता. तेव्हापासून आपल्याकडे या यंत्रांवर कडक नजर आहे. दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन भारतात बाळगणे गुन्हा आहे. ट्रेकिंगला वापरायची छोटी संदेशयंत्रे पिशवीत सापडल्याने गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी अडचणीत आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. स्टारलिंकला जून २०२५मध्ये भारताचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्रही केले. पण कंपनीला परवाना मिळणे वेगळे आणि तुम्ही परदेशात घेतलेली पाटी आपल्या समुद्रात सुरू करणे वेगळे. परदेशातून बोट घेऊन येणाऱ्याने ही चौकशी निघण्याआधी, लेखी करावी. म्हणून आम्ही कोचीचा बेत पुढच्या मोसमावर ढकलला. आपाला हे सांगताना मला फार जड गेले.

आपल्या मच्छीमारांसाठी मात्र वेगळी सोय झाली आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवायचे. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात. वादळाचा इशारा बोटीला, मदतीची हाक किनाऱ्याला. त्यातही व्हिडिओ नाही. ज्यांना समुद्र कळतो त्यांनी शब्दच निवडले, हे मला बोलके वाटते.

तुम्ही म्हणाल, यंत्रे ठरली, आता काय राहिले? मला वाटते, मुख्य गोष्ट तिथेच राहते. संदेश आला तर काय, हे सगळे जण ठरवतात. आला नाही तर काय, हे कुणी ठरवत नाही. मेहुण्यांच्या चाळीस दिवसांचा अर्थ कुणी आधी ठरवला नव्हता, म्हणून आपाने मनातल्या मनात त्याचे सगळे अर्थ लावून पाहिले. आता तर धोका वाढला आहे. रोज चेहरा दिसणाऱ्या माणसाचा एक दिवस चेहरा दिसला नाही, की घर कोसळते. यंत्र जितके चांगले तितकी त्याची एक चूक जिवाला लागते.

म्हणून मी, भाचा, सूनबाई आणि आपा, अशा चौघांनी मिळून एक कागद केला. आमच्या जुन्नरचा हातकागद एकेकाळी प्रसिद्ध होता. पेशवाईत त्यावर कारभार चालत असे. तसला कागद आता मिळत नाही. वहीचेच पान फाडले. त्यावर चार ओळी. रोज संध्याकाळी सहाला एक संदेश. एक चुकला तर काही नाही, यंत्र आहे, बिघडते. चोवीस तास झाले तर मामूने ठिपका कुठे थांबला ते टिपून ठेवायचे, कुणाला घाबरवायचे नाही. अठ्ठेचाळीस तास झाले तर बचावकेंद्राला कळवायचे. खाली बोटीचा रंग, लांबी, माणसे किती, धोकासूचकाचा नोंदणी क्रमांक, केंद्रांचे फोन. आणि धोकासूचकाची हाक आली तर या सगळ्यातले काही पाहायचे नाही, लगेच हलायचे. आपाने कागद कुराणाच्या रेहलीशेजारी ठेवला. म्हणाली, "सही पण करा सगळ्यांनी." केल्या.

फेब्रुवारीत ते निघाले. लंकावी ते गॉल सुमारे बाराशे सागरी मैल. सुमात्रा आणि ग्रेट निकोबारच्या मधल्या वाटेने बाहेर पडायचे, मग सरळ पश्चिमेला. मलाक्काकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मोठ्या जहाजांचा तो हमरस्ता. पहिले चार दिवस ठिपका सरकत होता. संध्याकाळी सहाला संदेश येत होता. एक दिवस दहा मिनिटे व्हिडिओही झाला. आपाने त्यात समुद्र पाहिलाच नाही. मुलगा वाळला आहे, एवढेच पाहिले.

पाचव्या संध्याकाळी संदेश आला नाही. ठिपका दुपारी होता तिथेच थांबलेला. आठला आपाचा फोन. नऊला पुन्हा. मी म्हटले, "एक चुकला तर काही नाही, असं ठरलंय." ती म्हणाली, "कागदावर ठरलंय." रात्री मला झोप आली नाही. नकाशा उघडायचा, ठिपका बघायचा, बंद करायचा. सकाळी मी लेण्याद्रीला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या. एकशे दहाच्या पुढे मोजणी चुकली.

वर लेण्यांत जाऊन बसलो. पावसाळ्याचे महिने भिक्षू इथे मुक्कामाला राहत. मागे राहिलेल्यांना त्यांची काय खबर मिळत असेल? आणि नाणेघाटाने समुद्राकडे उतरणारे आमचे व्यापारी? पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी समुद्र ओलांडून चौलला उतरला आणि पावसाळ्यात आमच्या जुन्नरला राहिला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, त्याची हकिगत त्याने लिहून ठेवली आहे. परतीच्या वाटेवर, आपल्या गावी पोचण्याआधीच तो वारला. घरी पोचले ते त्याने लिहिलेले कागद. त्याच्या घरच्यांनी किती वर्षे वाट बघितली असेल! अशा वेळी असले काही आठवू नये, पण आठवते.

दुपारी आपा स्वतः माझ्याकडे आली. कागद घेऊन. "मला तटरक्षकाचा नंबर लावून दे." चोवीस तास व्हायचे होते. धोकासूचकाची हाक आलेली नव्हती, पण तेवढ्याने खात्री होत नाही, हे मलाही माहीत होते. मी तिला म्हटले, "आपा, आत्ता फोन केला आणि ते ठीक असले, तर खरंच बुडणाऱ्या कुणाची माणसं आपल्यासाठी धावतील." ती काही बोलली नाही. चटईवर बसून राहिली. सहा वाजले, तेव्हाही काही नाही. चोवीस तास. मी ठिपक्याचे अक्षांश-रेखांश वहीत लिहिले. हात थरथरत होता. माझा निर्णय बरोबर होता की मी फक्त कागदाच्या मागे लपलो होतो, हे मला तेव्हा सांगता आले नसते. आजही पक्के सांगता येत नाही.

रात्री आठनंतर फोन थरथरला. "तीन दिवस ढग. बॅटरी उतरली. पाटी मीच बंद केली, रात्री जहाजं फार. छोट्या यंत्राची चार्जिंगची वायर खाऱ्या पाण्यात गेली. आता ठीक. अम्मी जेवली का?"

सव्वीस तास. कारण काय, तर एक वायर. त्याने केले ते बरोबरच होते. असलेली वीज सुकाणूला आणि दिव्याला दिली, बोलण्याला नाही. चुकले ते एवढेच, की दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर आणि एकाच वायरीवर होती. तीन यंत्रे घेतली म्हणून आम्ही निर्धास्त, पण वीज एकच होती. गॉलला पोचल्यावर त्याने एक सुटी पॉवर बँक आणि दोन जादा वायरी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ठेवल्या. मी वहीत चौथा नियम लिहिला: दुसरा धागा म्हणजे वीजही दुसरी.

तेव्हा कुणी मला विचारले, समुद्रात जायचे आहे, उपग्रहाचे इंटरनेट कोणते घेऊ, तर मी वेग विचारत नाही. विचारतो, आडवे पडल्यावर हात कशापर्यंत पोचेल? ढगाळ दिवशी वीज किती उरेल? ज्या देशाच्या पाण्यात जाताय तिथे ते चालते का? आणि तुमचा आवाज आला नाही तर घरच्यांनी काय समजायचे, ते त्यांना सांगितले आहे का? या चारांची उत्तरे आली की यंत्र कोणते, ते दुकानदारही सांगेल.

आपाने गॉलला पोचलेल्या मुलाशी व्हिडिओवर अर्धा तास बोलून घेतले. मग तो कागद काढला आणि मला म्हणाली, "यात अठ्ठेचाळीसचे छत्तीस कर."

मी म्हटले, "त्याला विचारू."

"विचार. त्याच्या बापाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं."

आम्ही भाच्याला विचारले. तो हो म्हणाला. कागदावर अठ्ठेचाळीस खोडून छत्तीस केले आणि चौघांनी पुन्हा सह्या केल्या. त्याखाली आपाने तिच्या हाताने एक ओळ वाढवली. रोजच्या संदेशात काय खाल्लं तेही लिहायचं.